नेमकं काय अडलंय, ते सांगा

सीडी-ड्राइव्ह नसलेल्या लॅपटॉपवर विंडोज ७ टाकायला घेतलं की पडद्यावर एक संदेश येऊ शकतो: सीडी-डीव्हीडी ड्राइव्हला लागणारा ड्रायव्हर सापडत नाही, तो ज्यात असेल ती सीडी, डीव्हीडी किंवा पेनड्राइव्ह आता लावा. या संदेशावर माझा राग आहे आणि तो इतक्या वर्षांनीही उतरलेला नाही. कारण तिथे सीडीचा काही संबंधच नसतो. पेनड्राइव्ह निळ्या पोर्टात, म्हणजे यूएसबी ३ मध्ये, लावलेला असतो आणि २००९ साली आलेल्या विंडोज ७ च्या इन्स्टॉलरमध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर नाही. सुरुवातीच्या फायली बायॉस वाचून देतं, म्हणून पहिले पडदे नीट दिसतात. पुढे इन्स्टॉलर कारभार स्वतःच्या हाती घेतो आणि ज्या पेनड्राइव्हवरून तो आत आला, तोच त्याला दिसेनासा होतो. पेनड्राइव्ह काढून शेजारच्या काळ्या पोर्टात लावला की काम पुढे सरकतं. एवढंच करायचं असतं. पण संदेशात ते नाही, आणि माणूस नसलेल्या सीडी-ड्राइव्हचा ड्रायव्हर शोधत बसतो.

हाच संदेश आणखी एका कारणाने येतो. डाउनलोड केलेली फाईल अर्धवट उतरली असेल किंवा पेनड्राइव्हवर नीट लिहिली गेली नसेल, तरीही तेच वाक्य. अडचणी दोन, उपाय दोन, वाक्य एकच, आणि ते दोन्ही वेळा चुकीच्या दिशेला पाठवणारं.

आता विंडोज ७ कोण टाकतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी तालुक्याच्या गावातल्या एखाद्या छापखान्यात जाऊन यावं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गणेश मंडळांचे अहवाल, सगळं पेजमेकर ७ मध्ये आणि युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत केलेलं. ते फॉन्ट चालवणारं सॉफ्टवेअर एका डोंगलला बांधलेलं, आणि त्या डोंगलचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालत नाही. छापखानेवाल्याचं पोट त्या मशीनवर आहे. हार्ड डिस्क गेली की त्याला तेच विंडोज पुन्हा टाकावं लागतं, आणि त्या दिवशी त्याच्या दाराशी पत्रिकेचं प्रूफ बघायला आलेलं गिऱ्हाईक उभं असतं.

जुनं यंत्र अडणारच, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्याची बॅटरी संपते, डिस्क झिजते, पंखा धुळीने भरतो. माझी तक्रार ही आहे, की अडण्याचं कारण आतल्या प्रोग्रामला ठाऊक असतं किंवा सहज कळू शकतं, आणि तरी ते समोरच्या माणसाला सांगितलं जात नाही. आमच्या वस्तीतल्या वाचनालयाला लोक जुने संगणक देतात. मुलाने नवा घेतला की जुना आमच्याकडे येतो. त्यांना पुन्हा चालतं करायचं काम माझ्याकडे आहे. त्या मशीनांवर बसून मुलं एमपीएससीचे अर्ज भरतात, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीची कागदपत्रं चढवतात. एक मशीन उभं राहिलं की शेवटच्या तारखेला सायबर कॅफेपुढची रांग दोन-चार मुलांनी कमी होते. म्हणून या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी मला किरकोळ वाटत नाहीत.

सुरुवात होते ती बटणापासून. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करायचं तर चालू होताक्षणी एक बटण दाबावं लागतं, आणि ते प्रत्येक कंपनीचं वेगळं. डेलला एफ१२. एचपीला एस्केप आणि मग एफ९. एसूसच्या लॅपटॉपला एस्केप, त्याच कंपनीच्या डेस्कटॉप मदरबोर्डाला एफ८. एमएसआयला एफ११. लेनोव्होच्या काही लॅपटॉपना बाजूला टाचणीने दाबायचं बारीक छिद्र असतं आणि मालकाला ते छिद्र कशासाठी आहे हे वर्षानुवर्षं माहीत नसतं. सेटिंगमध्ये शिरायचं बटण आणखी निराळं: कुठे एफ२, कुठे डिलीट, कुठे एफ१०, कुठे एफ१. बायॉसच्या जागी यूईएफआय आलं तेव्हा किती तरी गोष्टींचं प्रमाणीकरण झालं. डिस्कवर कोणता विभाग असावा, फाईलला नाव काय द्यावं, ती कोणत्या फोल्डरमध्ये ठेवावी, सगळं ठरलं. माणसाने कोणतं बटण दाबावं हे तेवढं ठरलं नाही.

बटण ठाऊक असलं तरी ते लागू होईलच असं नाही. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘शट डाउन’ केल्यावर मशीन पूर्ण बंद होत नाही. विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलला जातो. याला फास्ट स्टार्टअप म्हणतात. काही मशीनांत यूईएफआयचं स्वतःचं ‘फास्ट बूट’ही चालू असतं, मग कीबोर्ड जागा होण्याआधीच विंडोज उघडतं. या दोन्हींमुळे कळ दाबायला वेळच उरत नाही. अशा वेळी ‘शट डाउन’ऐवजी ‘रिस्टार्ट’ करावं, त्यात विंडोज खरोखर नव्याने सुरू होतं. ही गोष्ट मी आजवर कितीतरी लोकांना सांगितली आणि प्रत्येकाला ती उलटी वाटली, कारण ती आहेच उलटी. बंद केल्यावर बंद व्हावं आणि नव्याने सुरू झाल्यावर नवं व्हावं, ही अपेक्षा चुकीची म्हणता येणार नाही. शिवाय असं अर्धवट बंद झालेल्या विंडोजचं पार्टिशन लिनक्समधून उघडलं तर ते फक्त वाचता येतं, त्यावर काही लिहिता येत नाही. तिथेही लोकांना डिस्क खराब झाल्याचा संशय येतो.

आता जिथे खरं नुकसान होतं त्या जागेकडे येते. पेनड्राइव्ह लावला, यादी आली. यादीत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो: एकदा नुसत्या नावाने, एकदा आधी ‘यूईएफआय’ लिहून. दोन्हींतला फरक कुठेही लिहिलेला नसतो. माणूस पहिल्यावर एंटर मारतो. पुढे इन्स्टॉलर सांगतो, की या डिस्कवर विंडोज बसवता येणार नाही, कारण निवडलेली डिस्क जीपीटी पद्धतीची आहे. हे वाक्य खोटं नाही. डिस्क जीपीटीची, म्हणजे विभागांची नोंद ठेवण्याच्या नव्या पद्धतीची, असतेच. पण डिस्कमध्ये दोष नाही, दोष आहे तो मशीन जुन्या बायॉस पद्धतीने सुरू झाल्यात. मशीन कोणत्या पद्धतीने सुरू झालं आहे हे इन्स्टॉलरला नक्की ठाऊक असतं. त्याशिवाय त्याने ही तक्रार केलीच नसती. ‘पुन्हा सुरू करा आणि यादीतलं यूईएफआय लिहिलेलं नाव निवडा’ असं एक वाक्य त्याने लिहिलं असतं तर काम मिनिटात झालं असतं.

ते वाक्य नसल्यामुळे माणूस डिस्क ‘बदलायला’ जातो. गल्लीतला जाणकार त्याला सांगतो, की डिस्कपार्ट उघड, डिस्क निवड आणि ‘क्लीन’ टाइप कर. क्लीन ही आज्ञा तुम्हाला खात्री आहे का असं विचारत नाही. डिस्कवरची विभागांची सगळी नोंद पुसली जाते, आणि सी ड्राइव्हबरोबर डी ड्राइव्हही जातो, जिथे लोक आपले फोटो आणि कागदपत्रं सुरक्षित आहेत असं धरून चालतात. माझ्या परिचयातल्या एका मुलाने असं केलं. त्या लॅपटॉपवर त्याच्या बहिणीचा एम.ए.चा प्रबंध होता. तो परत मिळवायला नंतर जे पैसे गेले त्यात दुसरा जुना लॅपटॉप आला असता, आणि मिळालेल्या फायलींना नावं नव्हती. लोक म्हणाले, बॅकअप घ्यायला हवा होता. हवाच होता. पण ज्या पडद्यावर त्या मुलाला एक बिनधोक रस्ता सांगता आला असता, तिथे फक्त नकार लिहिला होता, याला तो मुलगा जबाबदार नाही.

उलट्या बाजूची अडचण, म्हणजे डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची आणि मशीन यूईएफआयवर सुरू झालेलं, यासाठी विंडोज १० मध्ये २०१७ पासून एक चांगलं साधन आहे. एमबीआर टू जीपीटी असंच त्याचं नाव. डिस्कवरचं सामान न हलवता ते पद्धत बदलून देतं. इन्स्टॉलर त्याचंही नाव काढत नाही.

कधी डिस्क यादीतच नसते. यादी कोरी. अशा वेळी दुकानात नेलं तर ‘हार्ड डिस्क गेली’ हे उत्तर तयार असतं. बहुतेक वेळा सेटिंगमध्ये डिस्क हाताळणारा साटा कंट्रोलर एएचसीआयऐवजी रेड किंवा इंटेल आरएसटीवर ठेवलेला असतो. कारखान्यातून तसाच आलेला असतो, डिस्क एकच असली तरी. लिनक्सच्या इन्स्टॉलरला मग डिस्क दिसत नाही. इथे मला उबंटूचं मनापासून कौतुक करायचं आहे. त्याचा इन्स्टॉलर ही परिस्थिती ओळखतो आणि स्पष्ट सांगतो, की या संगणकावर इंटेल आरएसटी चालू आहे, ते बंद केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. सोबत ते कसं करायचं याचा पत्ता देतो. हे ज्यांनी लिहिलं त्यांना काही दैवी शक्ती लागली नव्हती. त्यांनी यंत्राला ठाऊक असलेली गोष्ट माणसाच्या भाषेत लिहिली.

तसंच त्या नाण्याएवढ्या बॅटरीचं. सीआर२०३२, तीन व्होल्ट, घड्याळाच्या दुकानातही मिळते. मदरबोर्डवर ती तारीख-वेळ जपते, आणि जुन्या मशीनांत सेटिंगही तिच्याच जोरावर टिकतात. ती संपली की मशीन आठ-दहा वर्षं मागच्या तारखेला सुरू होतं. मग ब्राउझर म्हणतो, की हे संकेतस्थळ सुरक्षित नाही, कारण त्या मागच्या तारखेला आजचं प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नसतं. डेबियन आणि उबंटू म्हणतात, की सॉफ्टवेअरची यादी अजून वैध नाही. दोन्ही ठिकाणी माणूस इंटरनेटवाल्याला फोन करतो. त्याहून वाईट म्हणजे, बॅटरी गेल्यावर साटाचं सेटिंग मूळपदावर, म्हणजे पुन्हा रेडवर, जाऊ शकतं, आणि काल चालणारं विंडोज आज निळा पडदा दाखवून सांगतं, की सुरू होण्याची डिस्क हाती लागत नाही.

एक निवृत्त काका असाच एक डेस्कटॉप घेऊन आले होते. “ताई, दुकानवाला म्हणतो मदरबोर्ड गेलाय, भंगारात द्या. वाचनालयाला सुटे भाग उपयोगी पडले तर बघा.” बॅटरी बदलली, साटा एएचसीआयवर आणला, मशीन चालू झालं. काकांनी ते परत न्यावं असं मी म्हटलं, पण ते म्हणाले, “राहू दे हो आता, मी नवीन घेतला.” त्यांच्या पेन्शनीतले तीसेक हजार गेले होते. दुकानदाराने फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यालाही पडद्यावर एक कोड आणि एक क्यूआरचा चौकोन याशिवाय काही दिसलं नव्हतं. तो चौकोन २०१६ पासून निळ्या पडद्यावर आला. फोनने टिपला की जे पान उघडतं ते सगळ्या बिघाडांसाठी सारखंच: नवीन जोडलेली उपकरणं काढा, अपडेट करा, पुन्हा सुरू करा. ज्याचं मशीन सुरूच होत नाही त्याला अपडेट करा सांगणं, हे उत्तर झालं का?

वाय-फायचा गुंता थोडक्यात सांगते. अनेक जुन्या लॅपटॉपांत ब्रॉडकॉमची वाय-फाय चिप असते. तिला चालायला जी फर्मवेअर फाईल लागते तिचा परवाना मुक्त नसल्यामुळे डेबियनच्या अधिकृत प्रतीत अशा फायली नसत. त्या इंटरनेटवरून घ्यायच्या, आणि इंटरनेट त्या फाईलशिवाय नाही. डेबियनच्या लोकांनी २०२२ साली मतदान घेऊन हे धोरण बदललं आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून अशा बऱ्याच फायली इन्स्टॉलरबरोबरच येऊ लागल्या, तरी ब्रॉडकॉमच्या काही चिपांचं घोडं अजून अडतं. तत्त्वासाठी वीस-पंचवीस वर्षं भांडलेल्या लोकांनी वापरणाऱ्याचे हाल बघून मत बदललं, याचा मला आदर वाटतो. चिप अडलीच तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करावं, बहुतेक वेळा भागतं. विंडोज ११ ची अडचण निराळी आहे. तिथे विंडोज बसल्यावर पहिल्याच पडद्यांवर इंटरनेट मागितलं जातं आणि ‘माझ्याकडे आत्ता नाही’ असं म्हणायची सोय हळूहळू काढून घेतली गेली. जुन्या लॅपटॉपच्या वाय-फायचा ड्रायव्हर नसला तर ‘पुढे’चं बटण फिकंच राहतं.

विंडोज ११ चा विषय निघालाच आहे तर २०२१ ची गोष्ट सांगायला हवी. त्या जूनमध्ये हे विंडोज जाहीर झालं तेव्हा सोबत एक तपासणीचा प्रोग्राम दिला होता. तुमचं मशीन चालेल की नाही हे तो सांगणार होता. लाखो लोकांना त्याने सांगितलं की चालणार नाही, पण का, ते सांगितलं नाही. प्रोसेसर जुना, की टीपीएम ही सुरक्षेची चिप नाही, की टीपीएम आहे पण सेटिंगमध्ये बंद आहे? शेवटच्या कारणाला एक खूण चालू करणं पुरे होतं, पहिल्याला नवं मशीनच लागणार होतं. ओरड झाली, प्रोग्राम मागे घेतला गेला, आणि त्याच वर्षी तो कारणांसकट परत आला. म्हणजे कारणं त्याला देता येत होती. सुरुवातीला ती द्यावीशी कुणाला वाटली नव्हती.

नियम ठेवायला माझा विरोध नाही. टीपीएम २ हवं, इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर हवा, ठीक आहे, सुरक्षेचे काही हिशोब असतील. पण २०१६-१७ सालचे, आठ जीबी रॅम आणि एसएसडी असलेले चांगले लॅपटॉप त्या रेषेबाहेर गेले, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबला. त्यानंतर आमच्याकडे येणारी मशीनं वाढली. रूफस हा पीट बटार्ड यांचा छोटा मोफत प्रोग्राम पेनड्राइव्ह तयार करताना विचारतो, की टीपीएमची अट काढून टाकू का. एका माणसाने लिहिलेल्या त्या प्रोग्रामाच्या खिडकीत पर्याय सरळ शब्दांत लिहिलेले असतात. तेवढ्याचंही मला अप्रूप वाटावं, अशी एकूण परिस्थिती आहे. मात्र अट काढली म्हणून सगळं चालतं असंही नाही. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीला प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट आणि एसएसई ४.२ या सूचना लागतात. कोअर टू ड्युओमध्ये त्या नाहीत. तिथे मशीन लोगोवर थांबतं किंवा पुन्हा पुन्हा सुरू होत राहतं. एक अक्षर पडद्यावर येत नाही. अशा मशीनवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकावी, चार जीबी रॅम असेल तर अर्ज भरायला आणि वाचायला ते मशीन आजही पुरेसं आहे.

भाषेचंही म्हणते. हे सगळे नकार इंग्रजीत येतात. विंडोजच्या इन्स्टॉलरच्या भाषांच्या यादीत मराठी नाही. डेबियनच्या आहे, पण फक्त चित्रमय इन्स्टॉलरमध्ये. जुन्या ग्राफिक्स कार्डावर तो उघडला नाही आणि अक्षरी इन्स्टॉलरकडे वळावं लागलं की मराठी यादीतून जाते, कारण तिथे देवनागरीची जोडाक्षरं उमटत नाहीत. निदान कारण समजण्यासारखं आहे. दहावी झालेल्या मुलीला इंग्रजी वाचता येतं, पण ‘सिलेक्टेड डिस्क इज ऑफ द जीपीटी पार्टिशन स्टाइल’ हे वाक्य इंग्रजी येणाऱ्यालाही काही सांगत नाही, आणि त्याचं शब्दशः मराठी केलं तरी सांगणार नाही. आधी ते वाक्य माणसासाठी लिहिलेलं हवं.

सॉफ्टवेअर कंपन्या माझं ऐकतील तेव्हा ऐकतील. जुने लॅपटॉप विकणाऱ्या दुकानदारांना मात्र हे आजपासून करता येईल. मशीन विकताना त्याच्या तळाला एक चिठ्ठी चिकटवा: बूटचं बटण कोणतं, साटा कशावर ठेवला आहे, विंडोज यूईएफआय पद्धतीने टाकलंय की जुन्या, वाय-फायची चिप कोणती, टीपीएम आहे का, गोल बॅटरी कधी बदलली. ही सगळी माहिती मशीन तपासताना तुमच्या डोळ्यांखालून जातेच. वर पारदर्शक टेप लावा, नाहीतर लॅपटॉप तापला की शाई पसरते.